सूर्यनारायणाचे खाते

सोलापुरात जन्मून त्याच गावी पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला सूर्याचे महत्त्व समजावून सांगू पाहणारा मनुष्य एक तर परगावचा असला पाहिजे किंवा त्याला काही तरी विकावयाचे असले पाहिजे. एप्रिलातल्या एका टळटळीत दुपारी आमच्या ओसरीवर येऊन टेकलेला तरुण हे दोन्ही होता. त्याच्या हाती गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तिका होती, गळ्यात ओळखपत्र लटकत होते, आणि फाटकापासून ओसरीपर्यंतचे अंतर तुडवताना त्याच्या मुद्रेवर जी अवकळा पसरली होती ती पाहता सूर्याची ताकद त्याला पुस्तिकेबाहेर प्रथमच कळत असावी असे वाटले. तांब्याभर पाणी एका दमात संपवून तो म्हणाला,

"सर, तुमच्या छतावर रोज सोनं पडतंय, आणि तुम्ही ते वाया घालवताय!"

वस्तुतः आमच्या छतावर त्या घटकेला कुरडया, सांडगी मिरच्या, निवडलेल्या शेंगा आणि ऊन दाखविण्यासाठी काढलेल्या दोन गाद्या पडलेल्या होत्या, व त्यांपैकी एकही वस्तू वाया जाणार नाही याची खबरदारी घेण्यास आमचे कुटुंब समर्थ होते. परंतु उन्हाच्या बाबतीत सोलापूरकर जरा हळवा असतो. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर चढला म्हणजे इतर गावचे लोक हाय हाय करतात. आमच्याकडे पानपट्टीवर उभे राहून आजचा आकडा कालच्यापेक्षा किती सरस याची चर्चा होते, आणि चंद्रपूरने आपल्याला पुन्हा मागे टाकल्याचे वर्तमानपत्रात आले की त्या दिवशी चहा गोड लागत नाही. या अवाढव्य उन्हाचा आजवर आम्हांला घामाखेरीज दुसरा मोबदला मिळाला नव्हता. त्याच उन्हाची वीज होणार, त्या विजेवर वातानुकूलन यंत्र चालणार, आणि त्या यंत्राने त्याच उन्हापासून आमचे संरक्षण होणार, ही कल्पना मला कमालीची न्याय्य वाटली. शत्रूच्याच रसदेवर शत्रूशी लढण्याची मसलत कोणत्याही मराठी माणसाला पटण्याजोगीच आहे.

त्यातच त्या तरुणाने 'अनुदान' हा शब्द उच्चारला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने जी सूर्यघर योजना जाहीर केली तिच्यात एक कोटी घरांच्या छतांवर असली संयंत्रे बसविण्याचा संकल्प असून, पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्याला १८,००० रुपये मिळून एकंदर ७८,००० रुपये सरकारातून परत मिळतात, हे त्याने बोटांवर मोजून दाखविले. सरकार पैसे देते म्हटल्यावर मध्यमवर्गीय मनुष्याची बुद्धी कशी चालते याचा मी स्वतःच एक उत्तम नमुना आहे. उद्या हत्ती पाळण्यास ६० टक्के अनुदान जाहीर झाले तर माहूत कोठे मिळतो याची चौकशी मी संध्याकाळच्या आत सुरू करीन. हत्ती कशाला हवा, हा प्रश्न चौकशी पुरी झाल्यावर घरातून विचारला जाईल.

अर्जाची पहिली अट अशी, की अर्जदाराचे नाव आणि वीजबिलावरचे नाव एकच पाहिजे. आमचे बिल आजोबांच्या नावाने येते. आजोबा कैलासवासी होऊन तीन तपे लोटली, तरी वीज कंपनीच्या दफ्तरी ते हयात होते. इतकेच नव्हे, तर दरमहा मुदतीच्या आत रक्कम भरून तत्पर भरण्याची सवलतही पदरात पाडून घेत होते. कचेरीतल्या कारकुनाशी माझा जो संवाद झाला तो येणेप्रमाणे:

"ग्राहकाची सही लागेल."

"ग्राहक वारले."

"कधी?"

"छत्तीस वर्षं झाली."

कारकुनाने संगणकाच्या पडद्यात डोकावून पाहिले, आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की क्षणभर आजोबांच्या मृत्यूविषयी मलाच शंका आली.

"पण गेल्या महिन्याचं बिल भरलंय की त्यांनी!"

यानंतर मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, वारसांची संमतिपत्रे आणि हमीपत्र असा दस्तऐवजांचा जो संभार मला गोळा करावा लागला त्याचे वर्णन करून वाचकाला शिणवीत नाही. फक्त इंदुरास स्थायिक झालेल्या आमच्या चुलतबंधूंचा उल्लेख केलाच पाहिजे. आजोबांच्या श्राद्धतिथीची ज्यांनी कधी विचारपूस केली नाही अशा या बंधूंनी कोरे संमतिपत्र हाती पडताच उलट विचारणा केली, की वडिलोपार्जित छतावर पडणारे ऊन ही स्थावर मिळकत समजावयाची की जंगम, आणि तिच्यात आपला हिस्सा किती. मी कळविले, की हिस्सा बिनशर्त मान्य आहे, सबब आपण मे महिन्यात समक्ष येऊन आपल्या वाटणीचे ऊन ताब्यात घ्यावे. संमतिपत्र परतीच्या टपालाने आले.

दरम्यान घरातल्या सर्वोच्च न्यायालयापुढे दिशेचा प्रश्न उपस्थित झाला होता. आमच्या आत्याबाई नव्वदीच्या घरात आहेत. त्यांची दृष्टी अधू असली तरी श्रवणशक्ती सोयीपुरती शाबूत आहे.

"त्या पत्र्यांचं तोंड कुणीकडे रे करणार?" त्यांनी विचारले.

"दक्षिणेकडे," पुण्याचा तरुण उत्साहाने म्हणाला.

"दक्षिण? यमाची दिशा! तिकडे पाय करून माणूस झोपत नाही, आणि तुम्ही देवाला बसवताय?"

तरुणाने उत्तर गोलार्धापासून प्रारंभ केला. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य मध्यान्ही डोक्याच्या दक्षिणेकडून जातो, म्हणून पॅनेल दक्षिणाभिमुख ठेवून गावाच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे १८ अंशांची उतरण द्यावयाची, असा त्याचा सिद्धान्त होता. आत्याबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला व मला विचारले,

"यम कुणाचा रे मुलगा?"

"सूर्याचा."

"मग बाप लेकाच्या दाराकडे तोंड करून बसला तर बसू दे. पश्चिमेला तेवढं बसवू नका. तिकडे शनी. त्या दोघांचं पटत नाही. म्हणून तर तिकडे गेला की मावळतो."

तरुणाने हे शेवटचे वाक्य वहीत टिपून घेतलेले मी पाहिले. पुढे हे प्रकरण मिटले असे आम्ही समजत होतो. परंतु मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की भर दुपारी सोलापुरात उभ्या काठीची सावली पडत नाही, आणि त्यानंतर ऑगस्ट उजाडेपर्यंत सूर्य मध्यान्ही आपल्या उत्तरेकडून जातो. हे खगोलशास्त्र आत्याबाईंनी कोणत्याही उपकरणाविना, केवळ उत्तरेच्या खिडकीत ठेवलेल्या लोणच्याच्या बरणीवरून ताडले, आणि "तुमचे पत्रे देवाला पाठ दाखवून बसलेत" हे वाक्य जूनभर माझ्या कानी पडत राहिले.

संयंत्र बसले ते बरोबर रथसप्तमीच्या आधल्या दिवशी. माणसापेक्षा उंच अशी सहा पॅनेल, त्यांना पेलणारा जस्ताच्या मुलाम्याचा लोखंडी सांगाडा, भिंतीवर मंदपणे गुणगुणणारा इन्व्हर्टर, विजेला अडविण्यासाठी आभाळाकडे रोखलेला भाला आणि अंगणातल्या मुरमात खोदलेले अर्थिंगचे तीन खड्डे, इतका सरंजाम पाहून गल्लीतल्या पोरांनी आम्ही रॉकेट सोडणार असल्याची बातमी पसरविली. तीन किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट निर्वेध ऊन लागते, आणि आमच्या छतावरची नेमकी तेवढीच जागा आमच्या कुटुंबाच्या वाळवणाच्या वहिवाटीत होती. या तंट्यावर मी असा तोडगा काढला, की सांगाडा पुरुषभर उंच करावा. वर पॅनेल आणि खाली कुरडया. सांगाडा उभा राहिला, पॅनेल चढली, आणि सोलापूरच्या इतिहासात प्रथमच कोणा छतावर भर दुपारी घनदाट सावली पडली.

"अहो," कुटुंबाने वर येऊन एक दृष्टिक्षेप टाकला, "कुरडया काय चांदण्यात वाळवू?"

त्या सावलीचा ताबा तूर्त पारव्यांकडे आहे. त्यांनी कोणाचीही संमतिपत्रे घेतलेली नाहीत.

त्यानंतरच्या दिवसांत माझ्या स्वभावात जे फेरफार झाले ते मला स्वतःला जाणवले नाहीत. इतरांनी ते निदर्शनास आणून दिले. संयंत्रासोबत माझ्या मोबाइलवर एक ॲप बसविण्यात आले होते, त्यात दर काही मिनिटांनी किती वीज तयार झाली याचा आलेख उमटतो. सकाळी तो जमिनीला चिकटलेला असतो, दुपारी डोंगराएवढा होतो आणि सायंकाळी पुन्हा उतरणीला लागतो; म्हणजे ही सगळी माहिती खिडकी उघडली असता फुकट मिळते. परंतु खिडकीत आकडे नसतात. मी अंथरुणावरूनच आलेख पाहून "आज ढग आलेले दिसतात" असे म्हणू लागलो, आणि घरातली माणसे बाहेर जाऊन त्याची खातरजमा करू लागली. ज्या ढगाकडे पाहून उभ्या सोलापूरचा जीव सुखावतो, त्याच्याकडे मी कर्ज बुडविणाऱ्या कुळाकडे पाहावे तसा पाहू लागलो. मृगाचा पहिला पाऊस पडून मातीचा वास सुटला तेव्हा साऱ्या गल्लीत मुले नाचत होती, आणि मी एकटा जिन्यात बसून आजची अवघी चार युनिटे पुढच्या कोणत्या महिन्यात भरून निघतील याचा हिशेब मांडीत होतो.

पाहुण्यांचे हाल निराळेच. पूर्वी आमच्याकडे आलेल्या माणसाला प्रथम पाणी, मग चहा आणि मग क्षेमकुशल असा क्रम असे. आता त्याला प्रथम छतावर नेण्यात येई व तेथे १८३९ सालापासून आरंभ होई. त्या वर्षी एदमों बेकरेल नावाच्या अवघ्या १९ वर्षांच्या फ्रेंच मुलाला आपल्या वडिलांच्या प्रयोगशाळेत प्रकाशामुळे विद्युत्प्रवाह निर्माण होतो असे आढळले. पुढे २५ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या चॅपिन, फुलर आणि पीअर्सन या तिघांनी सिलिकॉनची पट्टी लोकांपुढे ठेवून केवळ प्रकाशाच्या बळावर खेळण्यातला एक आकाशपाळणा फिरवून दाखविला. त्या पट्टीला अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ६ टक्क्यांची वीज करता येत असे. येथवर आलो म्हणजे मी आवाज चढवून म्हणत असे, की सिद्धेश्वराच्या यात्रेत गड्ड्यावर फिरणारे सगळे आकाशपाळणे याच विजेवर फिरतील तो सुदिन दूर नाही. पाहुणा घामाने निथळत "वा, वा" म्हणे आणि जिन्याकडे सरके. आमच्या साडूंनी हल्ली फोन करून "संध्याकाळी सूर्य मावळल्यावर येतो" असे सांगून येण्याचा प्रघात पाडला आहे.

या सर्व विद्वत्तेला पहिला तडा मे महिन्यात गेला. बाहेर पारा ४३ अंशांना भिडला होता, गावाची मान उंचावली होती, आणि माझा आलेख मात्र मार्चपेक्षा खाली आला होता. मी पुण्याला फोन केला.

"सर, पॅनेलला ऊन आवडतं, उष्णता नाही आवडत," तरुण म्हणाला.

त्याने जे सांगितले त्याचा मथितार्थ असा: पॅनेलवर लिहिलेली शक्ती ही पॅनेलचे तपमान २५ अंश असताना मोजलेली असते, त्याच्यावर चढणाऱ्या प्रत्येक अंशामागे सुमारे एक तृतीयांश टक्का वीज घटते, आणि आमच्या छतावरचे पॅनेल दुपारी ६० अंशांच्याही पुढे तापते. म्हणजे ज्या तापमानाच्या जोरावर आम्ही चंद्रपूरशी स्पर्धा करीत आलो ते या व्यवहारात खर्चाच्या बाजूला पडत होते. पंचवीस अंश! हे तपमान सोलापुरात भर दुपारी अनुभवलेला मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. असली मोजमापे ठरविणाऱ्या मंडळींनी एखादा मे महिना आमच्या गल्लीत काढावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

त्यात धूळ. पॅनेलवर धुळीचा थर बसला की वीज घटते, म्हणून ती धुवावी लागतात. तीही पहाटे, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे हिताचे नसते. आमच्या गावी नळाचे पाणी सणासारखे येते, म्हणजे आधी वाट पाहावी लागते आणि आल्यावर धावपळ उडते. कूपनलिकेच्या पाण्याने धुवावे तर क्षारांचे पांढरे डाग उमटतात. सबब नळाचे पाणी कोणाला, पॅनेलना की माणसांना, असा प्रश्न एकदा पहाटे पाच वाजता आमच्या घरात उपस्थित झाला, आणि त्याचा जो निकाल लागला त्यामुळे मी कचेरीत बिनआंघोळीचा गेलो. पॅनेल मात्र लखलखत होती.

परंतु खरे प्रकरण सावलीचे. आमच्या लगतच्या बंगल्यात एक निवृत्त तहसीलदार राहतात. त्यांच्या आवारात शेवग्याचे एक झाड आहे, ते कुंपणावरून वाकून आमच्याकडे डोकावते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की दुपारी तीनच्या सुमारास त्या झाडाची एक फांदी आमच्या कोपऱ्यातल्या पॅनेलवर सावली टाकू लागली. सहाही पॅनेल एका माळेत जोडलेली असल्यामुळे एकाचा प्रवाह अडला की बाकीच्यांनाही त्याची झळ लागते. एका मेंबराने सही करायचे नाकारले की अख्ख्या कमिटीचा ठराव अडतो, तोच हा न्याय. मी तहसीलदारांकडे गेलो.

"रावसाहेब, आपल्या शेवग्याची सावली आमच्या पॅनेलवर पडते."

त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढविला आणि सेवाकाळातल्या सुरात निकाल दिला,

"झाड आमचं, हे कबूल. सावली मात्र सूर्याची. तिच्याबद्दलचा अर्ज तिकडे करावा."

पुढे मला एक गोष्ट समजली, तिच्यामुळे माझी झोप काही काळ उडाली होती. आमच्या घरात खर्च न झालेली वीज मीटरमधून बाहेर पडून तारेवर जाते, एवढे मला ठाऊक होते. परंतु ती तेथून कोठे जाते याचा विचार मी केला नव्हता. विजेला लांबचा प्रवास आवडत नाही. जवळ जी भूक असेल ती भागवून ती मोकळी होते. म्हणजे माझ्या छतावर तयार झालेली वीज दुपारी कुंपणापलीकडे जाऊन तहसीलदारांचे वातानुकूलन यंत्र चालवीत होती. त्या गारव्यात ते वामकुक्षी करीत होते. आणि त्या वेळी त्यांचे झाड माझ्या पॅनेलवर सावली धरून उभे होते! कंपनीच्या वहीत ही युनिटे माझ्या नावे चोख जमा होतात, तेव्हा माझे तसूभरही नुकसान नव्हते. पण मनुष्याला स्वतःचे नुकसान एक वेळ सोसते. शेजाऱ्याचा फायदा सोसत नाही. त्या दिवसापासून आपली वीज आपल्याच घरात खर्च झाली पाहिजे असे व्रत मी घेतले. बारा ते तीन या वेळात कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याची मोटर, मिक्सर व इस्त्री एकसमयावच्छेदेकरून चालू झाली, आणि मी कुंपणावरून पलीकडे पाहत उभा राहू लागलो. तहसीलदारांची खिडकी नेहमीप्रमाणे बंद होती, आणि यंत्र नेहमीप्रमाणे घुमत होते.

अशाच एका दुपारी गावाची वीज गेली. ट्रान्सफॉर्मरवर काही तरी फुटल्याचा आवाज झाला आणि आसमंतातले पंखे एकामागून एक मंदावले. मी खुर्चीवर सावरून बसलो. याच क्षणासाठी सारा खटाटोप केला होता. आता सगळी गल्ली अंधारात, म्हणजे उकाड्यात, आणि आमच्याच घरात काय तो वारा! पण आमचाही पंखा थांबला. डोक्यावर सूर्य आग ओकत होता, छतावर सहाच्या सहा पॅनेल त्याला तोंड देऊन उभी होती, आणि इन्व्हर्टरवर एक तांबडा दिवा लागला होता. खांबावर चढलेल्या लाइनमनला मी खालूनच हाक मारली.

"अहो, आमचं सोलर बंद कसं पडलं?"

"लाइट गेली की तुमचंबी बंद होतंय बघा सायेब."

"पण ऊन आहे ना!"

"ऊन हाय, ते मला बी लागालंय की. पण तुमची लाइट चालू राहिली असती तर ती उलटी तारेत आली असती, आन मी हितनं खाली आलो असतो." थोडा वेळ पक्कड चालवून त्याने पुस्ती जोडली, "शिडी न लावता."

या युक्तिवादावर बोलण्यासारखे काही उरले नाही. तारेत कंपनीची वीज असेल तरच इन्व्हर्टरने काम करावे, ती गेली की निमिषार्धात हात आखडते घ्यावेत, असा नियमच आहे, आणि तो माणसांचे जीव वाचविण्यासाठी आहे. ज्याला अंधारातही वीज हवी त्याने बॅटरीचे निराळे संयंत्र घ्यावे आणि निराळे पैसे मोजावेत. एरवी पाहिले तर सूर्याच्या देणग्यांना असल्या अटी पुराणकाळापासूनच आहेत. वनवासात त्याने युधिष्ठिराला अन्न पुरविणारी थाळी दिली खरी, पण द्रौपदीचे जेवण आटोपले की ती त्या दिवसापुरती रिकामी होत असे. आमच्या थाळीत द्रौपदीची जागा वीज कंपनीकडे आहे, इतकाच फरक. मी हे आत्याबाईंना समजावून सांगितले तेव्हा त्या वारा घेत म्हणाल्या,

"म्हणजे रात्री वीज देत नाही, पावसात कमी देतो, उन्हाळ्यात तापतो म्हणून देत नाही, आणि लाइट गेली की मुळीच देत नाही. मग पौर्णिमेला तरी किती पडते?"

चांदणे उन्हाच्या सुमारे चार लाख पटींनी फिके असते, असे मी सांगितले. "पण पडते ना थोडी?" असे त्यांनी विचारले. पुढच्या पौर्णिमेला रात्री अकरा वाजता मी ॲप उघडून पाहिले, ही गोष्ट मी घरात कोणाला कळू दिलेली नाही.

पहिले बिल आले तेव्हा युनिटांच्या रकान्यात शून्य होते, आणि रकमेच्या रकान्यात नव्हते. विजेचा एक थेंबही घेतला नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. तारेने आपल्या घराशी संबंध ठेवला आहे, याचा तो नजराणा. तरीही मी ते शून्य वर्तुळ करून कचेरीत सर्वांना दाखविले. आणि त्या शून्याच्या मोहाने मी युनिटे साठवू लागलो. एका महिन्यात उरलेली युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात हे कळल्यावर माझ्यातला कंजूष जागा झाला. रात्री मी पंखे बंद करीत फिरू लागलो, पाहुण्यांच्या खोलीतला दिवा बाहेरून मालवू लागलो. ज्या वातानुकूलन यंत्रासाठी हा सगळा यज्ञ मांडला होता ते यंत्र फडक्याखाली झाकून ठेवले. थंडी संपेपर्यंत माझ्या खाती इतकी घसघशीत शिल्लक पडली, की ती मी तहसीलदारांना दाखविल्यावाचून राहू शकलो नाही.

त्यांनी बिल दूर धरून वाचले, जवळ धरून वाचले आणि मग त्यांच्या मुद्रेवर खरेखुरे दुःख पसरले.

"अहो, ३१ मार्चला खाते बंद होते! उरलेली युनिटे पुढच्या साली ओढत नाहीत. कंपनी ती विकत घेते, पण तुम्हाला देते त्या दराने नव्हे, पुष्कळ खालच्या."

"मग काय करावे?"

"काय करावे?" तीस वर्षांची सरकारी नोकरी त्यांच्या आवाजात उभी राहिली. "निधी व्यपगत होऊ देता? मार्चअखेर आहे! आम्ही ३१ तारखेच्या रात्री बारा वाजेपर्यंत ताडपत्र्या खरेदी करीत होतो. यंदाची तरतूद खर्ची पडली नाही तर पुढल्या साली मंजुरी कमी होते. सूर्याने तुमची गरजच कमी धरली म्हणजे?"

हा शेवटचा मुद्दा शास्त्राच्या कसोटीला उतरणारा नसला, तरी प्रशासनाच्या दृष्टीने बिनतोड होता. मार्च महिन्यात आमच्या घराने जो खर्चाचा सपाटा लावला तसा आमच्या सात पिढ्यांत कोणी लावला नसेल. फडके दूर झाले व यंत्र रात्रंदिवस चालू लागले; मार्चच्या उकाड्यात मी कढत पाण्याने स्नान करून गार खोलीत बसू लागलो. गॅसची शेगडी रजेवर गेली आणि स्वयंपाक विजेच्या शेगडीवर होऊ लागला. कुटुंबाने गल्लीतल्या सहा घरांच्या चटण्या आमच्या मिक्सरवर कुटून दिल्या. तहसीलदार रोज सायंकाळी आपली विजेची स्कूटर आमच्या अंगणात आणून लावीत आणि सकाळी फुगलेल्या बॅटरीनिशी घेऊन जात. जाताना, व्यवहार एकतर्फी राहू नये म्हणून, शेवग्याच्या चार शेंगा कठड्यावर ठेवीत. कोणाकडे इस्त्रीचे कपडे आहेत काय, हे विचारीत मी स्वतः दारोदार हिंडलो. सरकारी खात्यांची मार्चअखेरची लगबग पाहून पूर्वी मी हसत असे. त्या लगबगीत किती आनंद आहे हे बाहेरच्या माणसाला कळणे शक्य नाही.

एप्रिलात बिल आले. शिल्लक महिन्याच्या मध्यावरच संपली होती, आणि त्यापुढचा सर्व उत्सव चढत्या दराने, वहन आकार, इंधन समायोजन आकार व १६ टक्के वीज शुल्कासह, आमच्या नावे पडला होता. ती रक्कम संयंत्र बसविण्यापूर्वीच्या कोणत्याही बिलापेक्षा मोठी होती. मी कागद हातात धरून ओसरीवर बसलो असताना आत्याबाईंनी आतून विचारले,

"कसला रे कागद?"

"बिल आहे, आत्या."

"कुणाचं?"

"वीज कंपनीचं."

"हो का?" त्या म्हणाल्या. "म्हणजे सूर्याचं अजून यायचंय!"